बाईंच्या नवऱ्याच्या छातीत दुखतं

एकदा मी भर वर्गात, वीस माणसांदेखत, आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या नवऱ्याला जमिनीवर पाडलं. त्याच्या छातीत कळ आणली, त्याचा श्वास बंद केला, आणि एवढं करून शाबासकी मिळेल म्हणून बाईंच्या तोंडाकडे बघत बसले. हात लावला नाही, सगळं नुसतं बोलून केलं. तेव्हा माझं वय साठ होतं, म्हणजे अक्कल यायला वेळ कमी पडला असंही म्हणता येत नाही. आज सत्तरी ओलांडून मी धाड गावातल्या आमच्या ओट्यावर हे लिहीत बसले आहे, आणि ती साठीतली विमल समोरून आली तर तिला पाणी द्यावं की कानफटात, हे माझं अजून ठरलेलं नाही.

तिची चूक कळायची तर ती धाडहून निघाली तो दिवस आधी सांगावा लागेल. कारण चूक तिने इथूनच बांधून नेली होती, शेवयांच्या आणि पापडांच्या डब्यासोबत.

जीप दारात उभी होती, औरंगाबादच्या विमानतळापर्यंत जाणारी. आमचा मुलगा प्रशांत कॅनडात स्थिरावला होता, नात शाळेत जायला लागली होती, आणि दोघं नवरा-बायको नोकरीला जात म्हणून घरात माणूस हवं होतं. माणूस म्हणजे मी आणि आमचे हे. आमचे हे धाडचे टेलर मास्तर. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणत आले. बाजारपेठेतलं त्यांचं दुकान त्यांनी त्याच आठवड्यात वाढवलं होतं. बंद केलं असं आम्ही म्हणत नाही. दुकान वाढवतात.

आम्ही अशाच भाषेत वाढलो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. दिवा विझत नाही, शांत होतो. तांदळाच्या डब्याचा तळ दिसला तरी तांदूळ संपले म्हणायचं नाही, तांदूळ वाढले. बाहेरच्याला वाटावं, काय भरभराट आहे या घरात, रोज काहीतरी वाढतंच आहे. कोणी चुकून खरं बोललंच, तर माझी आई त्याच्याकडे बघून म्हणायची, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." लहानपणी मला वाटायचं की नाऱ्या नावाचा कोणी खरंच होता आणि त्याच्या बोलण्यानेच मांडव पेटला.

त्या दिवशी आई ऐंशीच्या पुढे होती. माहेराहून मुद्दाम आली आणि ओट्यावर बसून राहिली. मी कुलूप लावायला घेतलं. किल्ली बसेना. मी म्हटलं, "आता हे घर बंद पडलं." आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला तंबाखूच्या मिश्रीचा वास होता, तो मला अजून येतो.

"असं म्हनू नाही, विमल," ती म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हनत असते. आन तिकडच्या घरात तर तोंड सांभाळूनच राह्यजो. आपल्या घराले आपली सवय असते, ते दहा गोष्टी कानाआड करते. नव्या घराले काय माहीत तू कशी आहेस ते? ते सारं खरंच धरन."

बस. आईने एवढंच सांगितलं आणि जावेने हातावर दही घातलं. मी भ्यालेल्या शेळीसारखी जीपमध्ये चढले. विमान पडेल का, ही भीती मला नव्हतीच. माझ्या तोंडून काही निघेल का, हीच होती.

तिकडचं घर लाकडाचं. भिंतीवर टिचकी मारली तर पोकळ वाजायचं. थंडीत घर गरम ठेवायला तळघरात एक भट्टीसारखं यंत्र होतं, ते आपोआप चालू व्हायचं आणि चालू होताना जमिनीतल्या जाळ्यांमधून एक लांब आवाज यायचा, हूंऽऽ. अगदी कोणी होकार द्यावा तसा. पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना म्हटलं, "या थंडीनं माणूस मरून जाईल." आणि लगेच जमिनीखालून आलं, हूंऽऽ.

मास्तर हसले. मी हसले नाही. त्या दिवसापासून मी घरात बोलायचं कमी केलं. फोन वाजला तर घेत नव्हते. दाराची घंटी वाजली तर स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. इथे धाडला माझं तोंड गल्लीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत ऐकू जायचं, तिथे मी सुनेलाही खुणेने मीठ मागायचे. शेवटी प्रशांत म्हणाला, "आई, तू अशानं भिंतीशी बोलायला लागशील." त्याला काय सांगू, भिंतीशी बोलायचीच तर मला भीती होती. त्याने मला जवळच्या लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. मंगळवारी आणि गुरुवारी, तळमजल्यावर, फुकट.

मास्तर आले नाहीत. "शर्ट, पॅन्ट, कॉलर, पॉकेट, बटन," त्यांनी बोटं मोजली. "मले कपड्याचं इंग्रजी येते. बाकीचं तू शिक."

वर्ग शिकवायला रूथबाई होत्या. पांढरे केस, पायात जाड बूट, आवाज मऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मला नुसतं रूथ म्हणा. आता साठ वर्षांच्या बाईने शिक्षिकेला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जिभेलाच लकवा. मी रूथबाई म्हणायला लागले. बाई म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रिस्पेक्ट." तेव्हापासून अर्धा वर्ग त्यांना रूथबाई म्हणू लागला. त्या वर्गाला मी दिलेली चांगली गोष्ट ही एवढी एकच.

बाकी सगळा गोंधळ. पहिल्या दिवशी बाई आत आल्या आणि मी ताडकन उभी राहिले. आमच्या शाळेत उभं राहिलो नाही तर छडी बसायची. मी एकटीच उभी, बाकीचे बसलेले. बाईंना वाटलं मला संडासला जायचं आहे. त्यांनी प्रेमाने दार दाखवलं, उजवीकडे, मग डावीकडे. आता बाईंनी सांगितलंच आहे तर जायलाच हवं, म्हणून मी गेले. पाच मिनिटं आत उभी राहिले आणि परत आले. गुरुवारीही तेच झालं. त्यानंतर मी उभं राहणं सोडलं.

त्या म्हणायच्या, बोलताना माझ्या डोळ्यांत बघ. मी त्यांच्या स्वेटरच्या दुसऱ्या बटणाकडे बघायचे. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणाऱ्या मुलीला आमच्याकडे काय म्हणतात ते मी त्यांना सांगू शकत नव्हते, तेवढं इंग्रजी येत नव्हतं. त्या विचारायच्या, कोणाला काही प्रश्न आहे का. मी कशाला विचारीन? प्रश्न विचारणं म्हणजे तुम्ही नीट शिकवलं नाही असं बाईंना तोंडावर सांगणं. समजलं का म्हटलं की मी मान डोलवायचे, येस. एक अक्षर समजलेलं नसायचं.

पण पाठांतर. पाठांतरात मला कोणी हरवावं. बाई दुकानातला संवाद देत, गिऱ्हाईक काय म्हणतं, दुकानदार काय म्हणतो. मी घरी जाऊन एका दुपारी सगळा तोंडपाठ करायचे, आरतीसारखा, श्वास न घेता. वर्गात उभं केलं की गिऱ्हाईकही मीच आणि दुकानदारही मीच. मधे थांबता यायचं नाही. थांबलं की आरती मोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागायची. रूथबाई कपाळाला हात लावत. "डोन्ट रिसाइट, विमल," त्या म्हणत. "टॉक टू मी." त्यांच्या मते हे शिकणं नव्हतंच. मला वाटायचं, अख्खा संवाद फुकट म्हणून दाखवते आहे, तर या बाईचं पोट काऊन भरत नाही.

माझ्या शेजारी इराणच्या फरीदाबाई बसायच्या. माझ्याच वयाच्या, डोळ्यांत काजळ, मोठं हसू. त्यांची फारसी आणि आमची वऱ्हाडी यांचे कितीतरी शब्द एकच निघाले. दर्द, जान, मेहमान, दिल. दोघी मिळून आम्ही बाईंच्या पाठीमागे अर्धा तास बोलू शकायचो.

आणि मग तो कागद आला.

दर मंगळवारी तो यायचा. बाकीचे धडे बदलायचे, बाजार झाला, बस झाली, डॉक्टर झाले, हा बदलायचा नाही. घरात कोणाला अचानक काही झालं तर फोन कसा करायचा, त्याचा संवाद. पलीकडची बाई विचारणार, तुमची अडचण काय. आपण म्हणायचं, "माय हसबंड हॅज चेस्ट पेन." ती विचारणार, श्वास चालू आहे का. आपण म्हणायचं, "नो, ही इज नॉट ब्रीदिंग." मग पत्ता. प्रत्येकाने उभं राहून म्हणायचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं.

माझ्या अंगाला घाम फुटला. कॅनडाच्या थंडीत मला घाम फुटलेला तो पहिला. म्हणजे मी मास्तरांना माझ्या तोंडाने, जिवंतपणी, धडधाकट असताना, हे म्हणायचं? दर मंगळवारी?

फरीदाबाईंना काहीच वाटत नसे. त्या हातवारे करून म्हणायच्या, कधी रडायच्यासुद्धा. त्यांचा नवरा दर मंगळवारी वर्गात कोसळायचा आणि वर्ग सुटला की तोच गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचा. मी त्याच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बाबा, तुला माहीत नाही तुझ्या मागे काय चाललंय. फरीदाबाई मला समजवायच्या, "विमल-जान, इट इज ओन्ली इंग्लिश."

पण खरी भीती तीच होती. मराठीची मला चिंता नव्हती. त्या लाकडी घरात मी मास्तरांना मराठीत मुडदा बशिवला म्हटलं तरी घराला काय कळणार? ते घर तिथलं. त्याला फक्त इंग्रजी कळायचं.

पहिल्या मंगळवारी मला खोकला आला. दुसऱ्या मंगळवारी मी संडासला गेले, या वेळी खरंच. तिसऱ्या मंगळवारी सुटका नव्हती, म्हणून उभी राहून म्हणाले, "माय हसबंड इज व्हेरी वेल, थँक यू. नो अ‍ॅम्ब्युलन्स." वर्ग हसला. बाईंना वाटलं मला अर्थच समजला नाही. त्यांनी फळ्यावर आडवा पडलेला माणूस काढला, छातीपाशी बाण काढला, आणि कोण जाणे का, त्याला मिशी काढली. मास्तरांना मिशी आहे. मी उठले, फळ्यापाशी गेले आणि पदराने मिशी पुसून जागेवर येऊन बसले. मग कोणी हसलं नाही.

चौथ्या मंगळवारी बर्फ पडला आणि वर्ग झाला नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

पाचव्या मंगळवारी रूथबाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. "टुडे, विमल," त्या म्हणाल्या. "प्लीज." त्यांच्या हातात तोच कागद होता. मी कागदाकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. मागच्या भिंतीतलं गरम हवेचं यंत्र चालू झालं, हूंऽऽ. आणि साठीतल्या त्या विमलला एक युक्ती सुचली. आई म्हणाली होती ना, आपल्या घराला आपली सवय असते, ते कानाआड करतं. बाई तर इथल्याच. त्यांच्या घराला त्यांची सवय. त्यांचं इंग्रजी म्हणजे त्यांचं रोजचंच, त्याने त्यांचं काय वाईट होणार?

मी खणखणीत आवाजात म्हटलं, "टीचर्स हसबंड हॅज चेस्ट पेन. टीचर्स हसबंड इज नॉट ब्रीदिंग."

मी एवढी खूश होते की त्या वेळी मी पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत बघितलं. पुन्हा कधी बघू नये असं तिथे होतं.

त्या हळूच म्हणाल्या, "थँक यू, विमल. दॅट वॉज व्हेरी क्लिअर." त्यांनी सगळे कागद नीट एकावर एक लावले, टेबलावर ठेवले आणि बाहेर गेल्या. परत आल्या नाहीत.

फरीदाबाईंनी माझा दंड धरला. दोन हिवाळ्यांपूर्वी बाईंचा नवरा गेला होता, त्या म्हणाल्या. घरातच, स्वयंपाकघरात. "दिल," म्हणाल्या, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मी घरी कशी आले मला आठवत नाही. एक हातमोजा वाटेत पडला एवढं आठवतं. पुढे तीन आठवडे मी वर्गाला गेले नाही. प्रशांतला सांगितलं, गुडघा दुखतो. चौथ्या दिवशी गुडघा खरंच दुखायला लागला. वास्तू जागी असल्याचा आणखी काय पुरावा पाहिजे होता? मी देवापुढे बसून रूथबाईंची माफी मागायचे, मराठीतून, पुटपुटत, म्हणजे त्या घराला कळू नये. आणि एकीकडे तो कागद डोक्यात आपोआप चालू असायचा. एवढे मंगळवार वीस जणांच्या तोंडून ऐकलेला. मी एकदाही म्हटला नव्हता, पण मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ झाला होता. मनातलं घराला ऐकू जात नाही, तोंडचं जातं, एवढाच आधार होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी प्रशांत आणि सूनबाई कामावर गेले, नात शाळेत गेली. मास्तर खिडकीपाशी बसून नातीच्या फ्रॉकची झालर टाकत होते. सुई थांबली. ते म्हणाले, "विमल, ओवा आन जरासाक. गॅस झाला वाटते." मी ओवा आणला. त्यांनी तो तोंडात टाकला नाही. मुठीत धरून बसले. तोंड राखेसारखं झालं होतं आणि मिशीवर घाम होता.

"पोराले फोन नको करू," ते म्हणाले. "कामावर घाबरन." आणि खुर्चीवरून हळूहळू, एखादं कापडाचं ठाण उलगडत खाली यावं तसे, ते जमिनीवर आले.

धाडला मी नुसतं "अवं माय" म्हटलं असतं तरी अर्धी गल्ली दारात आली असती. तिथेही मी तेच ओरडले, आई आठवेल एवढ्या मोठ्यांदा. कोणी आलं नाही. खिडकीबाहेर बर्फ, शेजारच्या घराची बंद दारं. मी प्रशांतला फोन लावला, तो उचलेना. मग तो दुसरा नंबर लावला, जो वर्गात दर मंगळवारी फळ्यावर असायचा.

पलीकडे एक बाई बोलली. मला एकही शब्द लागला नाही. मी म्हटलं, "हॅलो, गुड मॉर्निंग, हाऊ आर यू." ती काहीतरी म्हणाली, त्यात "ओके" ऐकू आलं. सगळं ठीक आहे का, असं विचारत असावी. आणि कोणी कसं काय विचारलं तर काय म्हणायचं, हे आमच्या हाडात असतं. घर जळत असलं तरी म्हणायचं, बरं आहे. मी म्हटलं, "येस, येस. एव्हरीथिंग ओके."

तिने पुन्हा काही विचारलं. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांची मूठ उघडली होती आणि ओवा जमिनीवर सांडला होता. जमिनीतल्या जाळीखालून आवाज आला, हूंऽऽ.

त्या वेळची भीती मला लिहिता येत नाही. बोलले तर माझ्याच तोंडाने मास्तर जाणार. न बोलले तर तसेच जाणार. मी डोळे मिटले आणि आरती सुरू केली. "व्हॉट इज युअर इमर्जन्सी? माय हसबंड हॅज चेस्ट पेन. इज ही ब्रीदिंग? नो, ही इज नॉट ब्रीदिंग. व्हॉट इज युअर अ‍ॅड्रेस?" आणि पत्ता. तिचे प्रश्नही मीच विचारले आणि उत्तरंही मीच दिली. मधे ती बोलू पाहत होती, पण मला थांबता येत नव्हतं, मोडली असती तर मी पुन्हा कधीच सुरू करू शकले नसते. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा म्हटली.

सगळ्यात आधी आली ती लाल रंगाची आगीची गाडी. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात फक्त आई बोलत होती, शुभ बोल नाऱ्या. मला खरंच वाटलं की आता घर पेटणार. प्रशांतने नंतर सांगितलं की श्वास नाही म्हटलं की जी गाडी जवळ असेल ती आधी धाडतात, तिच्यातही औषधोपचार जाणणारी माणसं असतात. मागून रुग्णवाहिका आलीच.

हॉस्पिटलात मास्तरांना आत नेलं आणि मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. तीन महिने तोंडात कोंडून ठेवलेलं मी त्या घरात सोडलं होतं, आणि तेही चार वेळा. ते परत कसं घ्यायचं? मला एकच सुचलं. मी बोटांची पेरं मोजत उलटं म्हणायला लागले, "माय हसबंड इज ब्रीदिंग. माय हसबंड इज ब्रीदिंग." एकशे आठ व्हायला थोडे बाकी असताना एक परिचारिका माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, "येस, डिअर. ही इज." मी तिच्याकडे दुर्लक्ष करून उरलेले पूर्ण केले.

मास्तर घरी आले तेव्हा त्यांच्या हृदयात डॉक्टरांनी बसवलेली एक बारीक जाळी होती. चार दिवसांनी दाराची घंटी वाजली. मी दार उघडलं, तर रूथबाई, हातात माझा हरवलेला हातमोजा. लायब्ररीच्या दारापाशी सापडला होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांना वाटलं मी पडते आहे, त्यांनी मला धरलं. माझ्याकडे माफीचा पाठ केलेला संवाद नव्हता, म्हणून मी पहिल्यांदा मोडकंतोडकं, मधे थांबत, सगळं सांगितलं. घर ऐकतं. म्हणून माझा नवरा नाही म्हटलं. म्हणून तुमचा म्हटलं.

मी दिलेला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. मग सावकाश, मला समजेल अशा शब्दांत बोलल्या. त्यांचा नवरा पडला तेव्हा त्यांनी फोन केला होता. पलीकडच्या बाईने विचारलं, सगळं ठीक आहे ना. आणि त्या म्हणाल्या, हो, आम्ही बरे आहोत, धन्यवाद. आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावेपर्यंत किती वेळ गेला ते त्यांनी मला सांगितलं, मी ते लिहिणार नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारी बाई. "सो आय मेक एव्हरीवन से इट," त्या म्हणाल्या. "अंटिल द माउथ नोज." म्हणजे तोंडाला ते आपोआप येईपर्यंत. मग थोडं हसून म्हणाल्या की पाठांतराबद्दल त्या यापुढे मला काही म्हणणार नाहीत.

माझ्या धाडच्या बायांनो, आणि पोरांच्या मागोमाग परमुलखात गेलेल्या माझ्यासारख्या आयांनो, मी अजूनही घाबरते, उगीच शूरपणाचा आव आणत नाही. हिवाळ्यात चार महिने मी इथे असते, बाकी तिकडे. आई आता नाही. तिचं घराबद्दलचं मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. मी धरून बसले की नवं घर सारं खरं धरतं. दुसरा अर्धा भाग असा की त्यालाही सवय होते. परवा तिकडून निघताना मी मास्तरांवर ओरडले, बॅग भरायला उशीर केला म्हणून, इंग्रजीतच, कारण आता रागात तेच आधी तोंडी येतं. यंत्र चालू झालं, हूंऽऽ, आणि मी माझ्या कामाला लागले. ते माझं घर झालं ते बहुधा असंच, कधीतरी ते माझं बोलणं कानाआड करायला लागलं तेव्हा. धाडचं घर मात्र एका हाकेवर अर्धी गल्ली गोळा करतं. तिकडे पूर्ण वाक्य लागतं. दोन्ही येत असलेली बरी.

राहिलं मास्तरांचं. हॉस्पिटलातून आल्यावर आठवडाभर मी त्यांच्यापासून लपवत होते. मग एका दुपारी, ते झालर पुरी करत असताना, रडत रडत सांगून टाकलं की तुम्हाला मी माझ्या तोंडानं मारत होते, एकदा नाही, चार वेळा, श्वास नाही म्हणून. मास्तरांनी दातांनी दोरा तोडला, फ्रॉक उजेडात धरून झालर सरळ आली का ते बघितलं आणि म्हणाले, "म्या आयकलं ना सारं. म्या तं तुह्या पायाशी पडून श्वास घेऊनच राह्यलो होतो. पन म्हटलं, तीन महिन्यानं बाई पह्यल्यांदा एवढं इंग्रजी बोलून राह्यली, मधात काऊन टोकायचं?"